मनकर्णाबाईनं अडवलेला रस्ता

बोरखोरीत मी नऊ वर्षं शाळामास्तर होतो. त्या काळात गावानं सगळ्यात जास्त शिव्या कुणाला घातल्या असतील, तर त्या मनकर्णाबाईला. तीही कमी नव्हती. पन्नाशी उलटलेली विधवा, अंगानं वाळकी. समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत उलट उत्तर द्यायची.

गावापासून खुलताबादच्या सडकेपर्यंत दीड कोसाचा गाडीरस्ता होता. दोन्ही बाजूंना जुन्या चिंचा. ज्यांना वीतभर जमीन नाही अशा घरांनी एकेक झाड वाटून घेतलेलं. उन्हाळ्यात त्या बाया चिंचा झोडपायच्या, फोडायच्या, बाजारात न्यायच्या. मनकर्णाबाईला स्वतःचं शेत होतं. तिच्या वाट्याला त्यातलं एकही झाड नव्हतं.

१९९५ साली शहरातल्या एका बिल्डर पार्टीनं डोंगरालगतची जमीन घेतली. बंगल्यांचे प्लॉट पाडायचे तर रुंद रस्ता पाहिजे. गावात त्यांचं काम बघायला उभा राहिला तो मनकर्णाबाईचा दीर, काकासाहेब. ती लग्न होऊन आली तेव्हा हा पाच वर्षांचा होता; तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं. त्याचं शेत रस्त्याला लागून, म्हणून चिंचाही आपल्याच, असं तो सांगू लागला.

आठवडी बाजाराच्या दिवशी, गाव रिकामं असताना, त्यानं अकरा झाडं पाडली. मनकर्णाबाई बाजारातून परतली तेव्हा बाराव्याला, भूमिहीन सरूबाईच्या वाट्याच्या झाडाला, दोर लावलेला. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि बुंध्याला पाठ लावून बसली.

"वहिनी, उठा. मानसं खोळंबलीत," काकासाहेब म्हणाला.

"खोळंबू दे."

"तुमच्या बी जमिनीला भाव यील."

"सरूबाईच्या लेकरांच्या तोंडचं काढून मला भाव नको."

"हेच गाव उद्या तुमच्या तोंडावर थुंकंल."

"थुंकू दे. झाड पाडायचं तर माझ्यासकट पाड."

मागून येणारी सरूबाई तिच्या शेजारी बसली, मग आणखी सहाजणी. त्या दिवशी काम थांबलं.

दुसऱ्या दिवशी दिराशी सामाईक असलेल्या विहिरीच्या मोटरीला त्यानं कुलूप लावलं. गिरणीवाल्यानं तिचं दळण परत पाठवलं. तिचा मुलगा बद्रीनाथ जमीन विकून शहरात दुकान टाकायच्या विचारात होता. "तू आई नायस, वैरीण हायेस," असं म्हणून तो बायकोला घेऊन निघून गेला.

झाडतोड थांबवायला तहसीलीत अर्ज करायचा होता, त्यावर सह्या पाहिजे होत्या. ती माझ्याकडेही आली. मी म्हणालो, "मला बदलीची भीती वाटते."

"मग पोरांना शिकवता तरी काय?" एवढं बोलून ती वळली. अर्जावर शेवटी एकोणीस अंगठे उमटले, सगळे बायांचे.

कचेरीतून तिनं जुन्या मोजणीच्या नकाशाची नक्कल काढली. ती निघाली उर्दूत. कचेरीत कुणालाच वाचता येईना. कुणीतरी शहरातल्या छावणी भागात राहणाऱ्या व्यंकटरावांचं नाव सांगितलं. ते निजामाच्या वेळी कारकून होते. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, उर्दू दप्तर मागं पडलं आणि त्यांची विद्या फुकट गेली. तो राग त्यांनी अजून सोडला नव्हता.

"पन्नास वर्षं कुणाला ही अक्षरं आठवली नाहीत," ते दारातच म्हणाले. "आता गरज पडली होय?"

"पडली. वाचता येत नसंल तर तसं सांगा."

व्यंकटरावांनी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "राह-ए-आम. म्हणजे सगळ्यांचा रस्ता. दोन्ही कडेच्या चिंचा सरकारी. तुमच्या दिराची यात एक फांदीसुद्धा नाही."

सुनावणीला ते एसटीनं आले आणि तहसीलदारांपुढं ओळ न् ओळ वाचून दाखवली. काकासाहेब ओरडला, "ही बाई घर बुडवायला निघाली!" मनकर्णाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "घर तू इकलंस." तोड थांबवायचा हुकूम निघाला. काकासाहेबाला दंड झाला.

पार्टीनं मग डोंगराच्या पलीकडून, शेजारच्या गावातून रस्ता काढला. तिकडच्या जमिनी सोन्याच्या झाल्या. बोरखोरीत उरलेल्या चिंचा राहिल्या, बैलगाडीचा रस्ता राहिला, आणि गावाचा संताप राहिला. ज्या बायांनी अंगठे दिले होते, त्यांच्यातल्याही काहींचे नवरे तिला ऐकू जाईल असं बोलायचे, "हिच्यापायी आपन भिकारी राहिलो." बाया खाली मान घालायच्या. ती मात्र थांबून विचारायची, "कोन बोललं?" कुणी पुढं यायचं नाही.

चार वर्षांनी काकासाहेब हृदयविकारानं गेला. मनकर्णाबाई त्याच्या दारात गेली. त्याची बायको भागूबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"इथवर आलात तेवढं पुरं. आत पाय ठेवू नका."

"ह्याला मी कडेवर घेतलाय, भागू."

"आन् कचेरीत उभा बी तुम्हीच केला."

मनकर्णाबाई उंबऱ्यापासून मागं सरली. तिला गप्प राहिलेलं मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं. तिरडी उठेपर्यंत ती अंगणाच्या कडेला उन्हात उभी राहिली. तिला बस म्हणायला कुणी आलं नाही. तेराव्यानंतर भागूबाईनं दोघींच्या शेतांमधली पायवाट बाभळीच्या काट्यांनी बुजवून टाकली.