पिंपळनेरच्या शेतातल्या तीन बाटल्या

"हाई बाटली फेकी दे रे भूषण, धूर लागेल शे तिले!"

नानांनी पेला नाकापासून लांब धरला. नाना म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ, पिंपळनेरजवळच्या या शेताचे मालक. त्यांचा मुलगा भूषण याने स्कॉटलंडहून येताना सिंगल माल्ट व्हिस्कीच्या तीन बाटल्या आणल्या होत्या, आणि आज शेतात भरीत पार्टी होती.

बाबा आणि मी सकाळीच धुळ्याहून एसटीने निघालो होतो. साक्रीनंतर दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं आणि समोर निळसर डोंगर. खिडकीची काच लागत नव्हती, म्हणून बाबांनी स्वतःचा मफलर माझ्या कानांभोवती गुंडाळला. त्यांना एक गोष्ट सांगायची अजून राहिली होती. नाशिकजवळच्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात चव पारखायला शिकण्यासाठी माझी निवड झाली होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आणि आमच्या घरात 'दारू' हा शब्दसुद्धा आवाज खाली आणून उच्चारतात.

शेतात पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) जाळावर हिरवी वांगी भाजून झाली होती. नानांच्या पत्नी, अक्का, ती मिरची-लसणासोबत ठेचत होत्या. पुरुष पलीकडे बाजेवर. अक्कांनी ताट देऊन मला तिकडे पाठवलं, तेव्हाच नानांचं ते वाक्य कानावर पडलं.

"दुकानदाराने खराब बाटली गळ्यात मारली वाटतं," म्हणत भूषण बाटली घेऊन बांधाकडे निघाला.

"थांब, दादा," मी म्हणाले. सगळे वळले. "खराब नाहीये ती. तिकडे पीटच्या (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या) धुरावर जव वाळवतात. नाना, थोडं पाणी घाला आणि बरोबर भरीत खा."

नानांनी घोट घेतला, भरिताचा घास घेतला, पुन्हा घोट घेतला.

"हाई तं बाटलीमा भरीत शे!"

"तुम्हले तं बठ्ठी (सगळी) सारखीच लागस," अक्का चुलीपासून ओरडल्या. हशा पिकला.

"पण तुले कसं काय माहीत, माय?" नानांनी विचारलं.

हसू थांबलं. बाबा माझ्याकडे बघत होते. ते उठून जातील असं मला वाटलं. त्यांनी तीन कोरे पेले मागितले, प्रत्येकात थोडी थोडी ओतली आणि सरकून मला बाजेवर जागा केली.

"फरक सांग."

पहिलीत मध आणि पिकलेला पेरू. दुसरी शेरीच्या (गोड वाइनच्या) पिंपात मुरलेली. तिच्यात खजूर, मनुका, शेवटी दालचिनी. तिसरीत धूर, मीठ आणि फार उशिरा गोडवा. मी बोलत गेले, बाबा एकेक पेला हुंगत गेले. पहिल्याकडे ते परत वळले.

"पेरू आहे खरा," ते हळूच म्हणाले.

परतीच्या एसटीत आमच्या कपड्यांना जाळाचा वास येत होता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला हा मुलूख नेहमी बाबांचाच वाटायचा. आज त्याच्या चवीवरून मला दूर देशातली चव सांगता आली होती. डोंगर मागे पडले. बाबांनी बाहेर बघतच विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

"थोडं वाचून. खरं शिकायचं आहे अजून. व्हिस्कीच्या कारखान्यात काम मिळतंय, चव पारखायचं. बाबा, सोमवारी मी हो म्हणणार आहे."