अक्कांना येणारा वास

मी लॅब टेक्निशियन. टेस्ट ट्यूबमध्ये दिसेल ते खरं, बाकी सगळ्या बाता, असं माझं मत. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर टिंगल करायचो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

१९९४ची गोष्ट. जळगावात एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर डायलिसिसची दोन मशिनं होती. रक्त तपासायचं माझ्याकडे, आणि माणूस कमी असला की पेशंटला मशिनवर लावायलाही मीच. खोली म्हणजे नुसती शिसारी — बादलीत गुलाबी पाणी, नळ्यांच्या सांध्यांवर वाळलेलं रक्त, आणि तेच हातमोजे घालून आम्ही या पलंगावरून त्या पलंगावर.

पारोळ्याच्या एक अक्का दुपारी यायच्या. एक दिवस दोन नंबरच्या मशिनजवळ आल्या आणि नाकाला पदर लावला.

"भाऊ, वास येस. सडेल कांदास्ना. माले दुसरीकडे लाव."

मला कसलाच वास नव्हता. त्या मशिनवर सकाळी पाचोऱ्याचे एक मास्तर असायचे. अक्कांनी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. पुढच्या खेपेला मी मास्तरांना मुद्दाम एक नंबरवर घेतलं, अक्कांना काही बोललो नाही. दुपारी एक नंबरजवळ नेलं, तर पुन्हा पदर नाकाला. दोन नंबरवर मात्र निमूट झोपल्या.

एवढं होऊनही मी काय केलं? मास्तरांची फाईल काढली. हेपॅटायटिस बी, रक्तातून लागणारी कावीळ — निगेटिव्ह. खाली माझीच सही, दोन महिन्यांपूर्वीची. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ही टेस्ट निगेटिव्हच येते, हे मला चांगलं माहीत होतं. पण पुन्हा रक्त काढायचा कंटाळा केला.

"अक्का, रिपोर्ट स्वच्छ आहे, उगाच नाटकं नकोत," त्या पुन्हा आल्या तेव्हा म्हणालो आणि मास्तरांच्याच मशिनवर त्यांना सुई टोचली. चार तास त्यांनी नाकावरचा पदर काढला नाही.

महिन्याभराने मास्तर पॉझिटिव्ह निघाले. तीन महिन्यांनी अक्का.

तो वास कसला होता, आणि एकट्या त्यांनाच का यायचा, हे मला आजही कळलेलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. मास्तरांचं मशिन वेगळं काढलं होतं, आता अक्कांनाही तिथेच लावायचं होतं. मी खाली मान घालून सुई हातात घेतली. त्यांचा पदर खांद्यावरच होता.

"लाव भाऊ," त्या म्हणाल्या. "आते वास येत नही."