कॉफीने न उतरलेला कावा

प्रशांत महासागरातल्या टाना बेटावरच्या त्या गावात कॉफी आणि कावा, म्हणजे सुस्त नशा आणणाऱ्या मुळीचं झुडूप, एकाच उतारावर वाढतात, म्हणून पुरुषांनी ठरवून टाकलं होतं की कॉफीने काव्याची नशा उतरते. संध्याकाळी वडाखाली कावाची मुळी चावून, पाण्यात पिळून करवंटीभर प्यायची आणि गप्प बसायचं. सकाळी दोन मग कॉफी ढोसून कामाला लागायचं. बायकांना वडाखाली मनाई. रोझिनाही तिथे कधी गेली नव्हती.

ती कॉफीचे दाणे निवडायची. त्याआधी पाच वर्षं दवाखान्यात औषधं वाटली होती, तिथेच गाडी शिकून परवाना काढला होता. तो परवाना घरात पडून होता, कारण गावचा ट्रक तिचा मामा नाउपा चालवायचा. मागच्या महिन्यात भल्या सकाळी त्याने ट्रक नाल्यात घातला आणि सिसा या शेजारणीचा हात मोडला. "मी जागा होतो," एवढंच तो म्हणत राहिला. ते खरंही होतं.

आज बोट लागणार होती. वर्षाची कॉफी आणि अकरा बायका खाली बंदरावर न्यायच्या होत्या, आणि काल वडाखाली पुरुष दोन दोन दिवस न उतरणारी मुळी प्यायले होते. रोझिना ट्रकच्या दारापाशी उभी राहिली.

"मामा, आज मी चालवते."

"तू? दोन मग घेतलेत मी. डोळे बघ माझे."

"डोळे टक्क आहेत. हात कसे आहेत?"

मुखिया यासूलही कालच्या बैठकीतले. ते जड आवाजात म्हणाले, "पोरी, कॉफीनं कावा उतरतो. माझे आजोबा सांगायचे."

"काका, दिवसभरात मेंदूत थकव्याचा एक पदार्थ साचतो. तो ठरलेल्या जागांवर जाऊन बसला की झोप येते. कॉफी त्या जागा अडवते. कावा तिथे बसतच नाही. तो दुसरीकडे मेंदूचा ब्रेक दाबून ठेवतो. कॉफीने ब्रेक सुटत नाही, दमल्याचं सांगणारा दिवा तेवढा विझतो."

"दवाखान्यातली बडबड," नाउपा म्हणाला.

रोझिनाने निवडायच्या टेबलावर कॉफीच्या दाण्यांचे दोन ढीग ओतले. "एक तुझा, एक काकांचा. काळे, किडके बाजूला काढा."

नाउपा लहानपणापासून दाणे निवडणारा. त्याचे हात भराभर चालले, तोंड त्याहून भराभर. यासूल मन लावून निवडत होते. मग सिसाने धड असलेल्या हाताने दोघांचे निवडलेले ढीग पसरले. नाउपाच्या ढिगात सतरा काळे निघाले. यासूलच्या ढिगातले तिने मोजायचे सोडून दिले.

"दाणे लहान असतात," नाउपा पुटपुटला.

"नाला मोठा होता, नाउपा," सिसा म्हणाली.

यासूलनी आपल्या ढिगातला एक काळा दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला. मग हसून त्यांचे खांदे हलू लागले. "मी तर अख्खं गाव समुद्रात नेलं असतं. काल वडाखाली कोण कोण नव्हतं?"

"आम्ही," ट्रकपाशी जमलेल्या बायका म्हणाल्या. "तुम्ही येऊ कुठे देता?"

नाउपाने गळ्यातली किल्ली काढली. ती तिच्या तळहातावर ठेवताना त्याची बोटं चुकली, किल्ली खाली पडली, आणि त्याने ती स्वतः वाकून उचलून दिली.

"तिसऱ्या वळणावर, नाल्यापाशी, गिअर आधी उतरव," तो म्हणाला आणि मागे पोत्यांवर जाऊन बसला.

सिसा पुढच्या सीटवर बसली. तिसरं वळण आलं तेव्हा रोझिनाने गिअर उतरवला. ट्रक नाल्याच्या कडेने सरळ निघाला आणि मागे बायकांनी गाणं धरलं, इतक्या जोरात की बोट बांधणारी माणसं माना वर करून उताराकडे पाहू लागली.