सीटखालचा दगड

हे किस्से याच क्रमाने घडले का, याची मला खात्री नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी फाटकापासून परत घरात येतो. धातुशास्त्रातली डॉक्टरेट त्या बाबतीत काही कामाची नाही. तेव्हा माझ्या आठवणीवर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

नामदेवच्या गॅरेजात गाडी जोडून झाली की एखादा नट उरायचा. गाडी सुरू व्हायची, पळायचीही, आणि नट डब्यात पडायचा. "कुठला तरी असंल," नामदेव म्हणायचा. आमच्या बाकावरचे किस्से असेच उरलेले आहेत. डबा भरला आहे, आणि कुठला नट कुठल्या गाडीचा हे आता कोण सांगणार?

गॅरेज सापगावच्या अलीकडे, मुरबाड रस्त्याला. निवृत्तीनंतर शहापुरात राहायला आल्यापासून मी संध्याकाळी तिथे बसतो. शेजारी पांडूदादा असतो. त्याने आयुष्यभर शहापूर-मुरबाड काळी-पिवळी जीप चालवली. जीपचा हँडब्रेक कधीच लागत नसे, म्हणून ड्रायव्हरच्या सीटखाली एक दगड. काळू नदीच्या पात्रातला, गुळगुळीत, नारळाहून थोडा लहान. गाडी थांबली की एका हाताने दगड काढायचा आणि उतरून चाकाला लावायचा.

"ब्रेक दगा देतो सर," तो म्हणायचा, "दगड देत नाय."

जीप विकली तेव्हा दगड तेवढा ठेवून घेतला. मुलाने, गणेशने, जुनी कार घेतली तेव्हा हार, लिंबू, नारळ सगळं झालं आणि शेवटी पांडूदादाने दगड सीटखाली सारला. त्या गाडीचा हँडब्रेक उत्तम होता.

*

गणेश त्याच गाडीत गेला. हळदीला गेला होता, सकाळी परतताना पुलाआधीच्या वळणावर गाडी सरळ गेली आणि कठड्यावर आदळली. आमच्याकडे हळद म्हणजे रात्रभर नाच आणि दारू, ते सगळ्यांना ठाऊक. मयतालाच कुजबुज सुरू झाली.

पांडूदादा प्रत्येकाला एकच सांगे. "माझा पोरगा पीत नव्हता. वास घेतलाय मी त्याच्या तोंडाचा. मेल्यावर घेतलाय."

नामदेव मात्र एकदा बोलून गेला, "मंग ब्रेक का नाय मारला रे त्यानं?"

पांडूदादाने हातातला चहा त्याच्या अंगावर फेकला. पुढे बरेच दिवस दोघे माझ्यामार्फत बोलत होते. मी मधे बसलेला, "नामदेव म्हणतो" आणि "पांडूदादा म्हणतो" करत.

*

गणेशची धाकटी बहीण कविता. मुरबाडला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. भावानंतर काही वर्षांनी तिने स्वतःच्या पगारातून कार घेतली. भावाची होती तसलीच, रंग तेवढा वेगळा. दगड अर्थात आला. पहिला गाडीबरोबर भंगारात गेला, म्हणून पांडूदादा नदीवर जाऊन तसाच दुसरा शोधून घेऊन आला.

एकदा मला मुरबाडला बँकेत जायचं होतं. "चला सर, सोडते," कविता म्हणाली.

पुलाचं वळण जवळ आलं तसा तिने वेग वाढवला. मी खिडकीवरची मूठ धरली. वळणाच्या अगदी तोंडाशी तिने ब्रेक दाबला, गाडी पुढे वाकली, हळू झाली, वळली.

"रोज थोडा जास्त स्पीड घेते," ती शांतपणे म्हणाली. "लोक म्हनतात दादा पिऊन होता. मला बघायचंय, पंचनाम्यात लिहिलाय त्या स्पीडला ब्रेक लागून गाडी थांबते का. नाय थांबली, तर दादाची चूक नाय."

"आणि नाही थांबली तर तुझं काय?"

तिने गिअर बदलला. बँकेत माझी सही जुळली नाही.

*

मी ते पांडूदादाला सांगितलं. सांगावं की नाही, यात दोन रात्री गेल्या. त्याने गाडीची किल्ली कनवटीला लावली. कविता चालत गॅरेजवर आली.

"किल्ली द्या बाबा."

"एक गेला. दुसरी देऊ काय?"

"मंग मी कंपनीतल्या पोरांची बाइक घेऊन बघीन."

नामदेवनेच तोड काढली. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा पोरगा दूरच्या रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवायला जाई. तिथे नवख्यांसाठी वेगळा दिवस असतो. शिकवणारा सोबत असतो, समोरून कोणी येत नाही, आदळायला कठडा नाही. साधी रस्त्यावरची गाडी चालते.

"तिथं बघ काय ते," पांडूदादा म्हणाला. "त्या वळनावर नाय. शपथ घे."

"बघितलं की परत नाय करनार," ती म्हणाली. "थांबो नायतर न थांबो."

*

मग तयारी. नामदेवने ब्रेक ऑइल काढलं तर ते काळ्या चहासारखं. मी समजावलं, हे तेल हवेतली ओल पितं. सारखे जोरात ब्रेक मारले की तापतं, आतलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडतं.

"एवढी वर्सं जीप चालवली," पांडूदादा म्हणाला, "तेल कधी बदललं नाय."

"तुजी जीप तेलावर कुठं थांबायची," नामदेव म्हणाला. "दगडाला थांबायची."

पांडूदादा हसला. गणेशनंतर तो हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

नवे ब्रेक पॅड बसले, टायर बदलले, चाकांचे नट पान्याने पुन्हा कसले. त्या वेळी डब्यात एकही नट पडला नाही. मी दोनदा पाहिलं.

हेल्मेट लागतं म्हणून कविता घरात घालून बघत होती. सुमनवहिनी, तिची आई, तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "हे डोक्याला झालं," ती म्हणाली. "बाकीच्याचं काय?"

*

सरावासाठी रविवारी औद्योगिक वसाहतीतला रिकामा रस्ता. कविता वेग घ्यायची, खुणेच्या झाडाशी ब्रेक मारायची. पांडूदादा शेजारी बसून रिकाम्या जागी पाय दाबायचा.

पाच-सहा फेऱ्यांनंतर चाकांतून जळका वास आला. नामदेव पाण्याची बादली घेऊन धावला. माळशेज घाट उतरून आलं की ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी मारायचं, ही इथल्या ड्रायव्हरांची जुनी रीत. मी आडवा आलो. "डिस्क आहे ती. तापलेल्या लोखंडावर गार पाणी टाकलंस तर वाकेल, तडा जाईल."

अर्धी बादली माझ्या अंगावर आली. तडा खरंच गेला असता का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण या तालुक्याला माझ्या शिक्षणाचा झालेला उपयोग तेवढाच.

*

ट्रॅकवर आम्ही सकाळी पोचलो. शिकवणारा हळू बोलणारा, पन्नाशीचा माणूस होता. गाडीत सैल काहीही नको, म्हणाला. पाण्याची बाटली, छत्री, पायाखालची रबरी मॅट, सगळं निघालं. डॅशबोर्डवरचा गणपती पांडूदादाने रुमालात घेतला.

मग त्या माणसाने सीटखाली हात घातला. "हे काय?"

"दगड," पांडूदादा म्हणाला. "चाकाला लावायला. हाताशी पायजे ना."

आम्ही गाडीतलं जड सामान घरीच काढून ठेवलं होतं. तिघांनी मिळून. दगड सामान आहे असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो माणूस रागावला नाही. त्याने दगड ब्रेकच्या पेडलखाली सारला आणि पेडल हाताने दाबलं. थोडं खाली गेलं आणि अडलं. "जोरात ब्रेक मारला की गाडी पुढे वाकते. सीटखालचं पुढे येतं. पाय जरा उचलून परत मारायला गेलात, की हे इथे. मग कितीही दाबा."

पांडूदादाने वाकून पाहिलं. बराच वेळ तो वाकलेलाच होता. मग त्याने दगड उचलला आणि लांब पत्र्याच्या शेडखाली जाऊन बसला. दगड मांडीवर, गणपती खिशात.

कविता दिवसभर शिकली. नजर लांब ठेव, ब्रेक सरळ रेषेत मार, वळताना घाई नको. शेवटच्या फेऱ्यांत तिने तो वेग घेतला. खुणेपाशी ब्रेक मारला. गाडी थांबली.

मग एक फेरी हळू मारून, ब्रेक थोडे गार करून ती शेडपाशी आली. हेल्मेट काढलं. चेहरा घामाने निथळत होता.

"थांबते बाबा," ती म्हणाली. "त्या स्पीडला पन थांबते. वर जागा उरते."

पांडूदादाने मांडीवरचा दगड जवळ ओढला.

तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो. जागा उताराची होती, गाडी हळूच मागे सरकायला लागली. "बाबा, दगड द्या," कविता म्हणाली.

त्याने दगड दिला नाही. उठून आला, चप्पल घातलेला स्वतःचा पाय चाकामागे ठेवला आणि उभा राहिला. नामदेवने शोधून लाकडाचा ठोकळा आणेपर्यंत तसाच.

*

कविताने शपथ पाळली. त्या वळणावर ती आता इतकी हळू जाते की मागचे हॉर्न मारतात.

पांडूदादा काही दिवस बाकावर आला नाही. मग एका संध्याकाळी आला. नामदेव कुणाच्या तरी हळदीबद्दल सांगत होता, तोच पांडूदादा मधेच बोलला.

"पिला असंल त्या रातीला."

"कोन?" नामदेवने विचारलं.

"गनेश. पोरांनी आग्रह केला असंल. पिला असंल."

नामदेवने हातातला पाना खाली ठेवला. कविता चाकात हवा भरायला आली होती, नळी हातात तशीच. हवा जास्त झाली. नंतर ती सोडावी लागली.

तेव्हापासून तो हेच सांगतो. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सुमनवहिनी त्याच्याशी बोलत नाही.

*

यानंतर बऱ्याच वर्षांनी माझी गाडी खर्डीच्या पुढे बंद पडली. क्रेनवाला आला. माझ्याच वयाचा, एका डोळ्याने अधू. बोलता बोलता निघालं, की पुलाजवळून गणेशची गाडी त्यानेच उचलली होती.

मी विचारलं. विचारू नये असं वाटत असतानाच विचारलं.

"त्याचा बाप पन हेच विचारून गेला," तो साखळी अडकवता अडकवता म्हणाला. "लय वर्सं झाली. हातात दगड घेऊन आला होता. असा दगड होता काय म्हनाला, पेडलखाली."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"नाय म्हटलं. दगडबिगड काय नव्हता, पोरानं ब्रेकच मारला नसंल. म्हाताऱ्यानं दगड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता सर, बघवंना. गेला मंग."

साखळी ताणली गेली. माझी गाडी पुढून उचलली गेली. मला वाटलं, इथेच थांबावं.

"आणि खरं काय?"

"होता ना," तो म्हणाला. "मीच लाथेनं सोडवला."