मिल्टन कीन्समधली अमेरिकन निवडणूक

मी आयुष्यात एकदाच निवडणूक लढवली आणि तीत मला माझ्या घरातलं एकही मत पडलं नाही. माझं स्वतःचंसुद्धा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मिल्टन कीन्सच्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होतो. (माझ्या बायकोचं, सुमनचं, म्हणणं असं की पेशंटला औषध द्यायची गरज नाही, मी नुसतं बोललो तरी पुरे.) त्या वर्षी आम्ही छपरावर सॅटेलाइटची तबकडी बसवली आणि नेमकी तेव्हाच अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली. झालं! मी पार वेडा झालो.

तोवर मी राजकारणी पाहिले होते ते दोनच प्रकारचे. आपल्याकडचे, ज्यांचा चेहरा हारांमुळे दिसत नाही. आणि इंग्रज, जे भाषणाला असे उभे राहतात की जणू बस चुकली आहे आणि पुढची कधी येईल ते माहीत नाही. अमेरिकन माणूस मात्र स्टेजवर धावत यायचा! बायको, मुलं, कुत्रा, सगळ्यांसकट! आणि बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून सरळ सांगायचा, "मला हे पद हवंय. मला मत द्या." किती सुटसुटीत! आपल्याकडे ज्याला पद हवं असतं तो आधी महिनाभर "नको, नको" म्हणत फिरतो.

सगळ्यात आवडला तो टाऊन हॉलचा प्रकार. कुठल्याशा खेड्यातला शेतकरी खिशात हात घालून उभा राहणार, देशाच्या भावी अध्यक्षाला मक्याच्या भावाबद्दल फैलावर घेणार, आणि तो भावी अध्यक्ष त्याला "सर" म्हणून उत्तर देणार. (हॉस्पिटलमध्ये मला सर कुणी म्हणत नव्हतं. पेशंट शुद्धीवर असतील तर "लव्ह" म्हणायचे.)

या वेडाला खतपाणी घातलं ते शेजारच्या वॉल्टरने. वॉल्टर अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा, एका कॉम्प्युटर कंपनीच्या कामासाठी इथे आलेला, उंचीला आमच्या दाराएवढा. मी त्याला म्हटलं, "तुमची लोकशाही म्हणजे कमाल आहे."

तो गंभीरपणे म्हणाला, "फार आरडाओरडा असतो, फार पैसा उडतो. पण आमच्या गावात शेजारीपाजारी एका घरात जमतात आणि आपला उमेदवार ठरवतात. तिथे माझी आई सगळ्यांना पाय देते."

"पाय?"

"ॲपल पाय."

मी तेवढ्यावरच भारावलो.

आता आमचं मराठी मंडळ. पंचवीस-तीस कुटुंबं, गणपती, दिवाळी आणि एक सहल, एवढाच पसारा. डॉक्टर नाडकर्णी स्थापनेपासून अध्यक्ष होते. ते मुलीकडे एडिनबराला कायमचे जायला निघाले आणि खुर्ची रिकामी झाली. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांच्या चपलांकडे पाहत बसले. शेवटी नाडकर्णी माझ्याकडे वळले, "तूच हो रे."

इथे एखाद्या शहाण्या माणसाने मान डोलावली असती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होईन. पण निवडून येऊन होईन! अमेरिकन पद्धतीने! प्रचार, डिबेट आणि गुप्त मतदान!"

"अरे, पण तुझ्याविरुद्ध उभं कोण राहणार?" नाडकर्णींनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी आठवडाभर सगळ्यांना फोन केले. एकाने पाठदुखी सांगितली, दुसऱ्याने सासू. तिसरा म्हणाला, "तू बिनविरोध हो, मी पेढे देतो, पण मला सोड!" शेवटी एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. सुमन बटाटे सोलत होती.

"सुमन, तू उभी राहा ना."

"उभीच आहे."

"निवडणुकीला गं. नुसतं नाव द्यायचं. बाकी काही करायचं नाही."

"म्हणजे हरायला उभी राहू?"

"तसं नाही गं. लोकशाहीसाठी."

तिने एक बटाटा पूर्ण सोलला. मग म्हणाली, "बरं." (त्या "बरं"चा सूर मी ओळखायला हवा होता. लग्नाला तेव्हा चांगली पंधरा वर्षं झाली होती.)

वॉल्टरला हे कळलं तेव्हा तो इतका खूश झाला की त्याने डिबेट चालवायचं तर कबूल केलंच, शिवाय आम्हा दोघांनाही सल्ला देऊ केला. "पक्षपात नको," म्हणाला. मला त्याने सांगितलं, "दारोदार जा. लोकांना काय हवंय ते विचार आणि मग गप्प बस."

गप्प बसण्यात माझा वेळ घालवायला मी तयार नव्हतो. मी भाषण लिहायला बसलो. गाडीत सराव करायचो. आमच्या गावात चौकाचौकात राउंडअबाउट, म्हणजे गोल वळसा घालून बाहेर पडायचं. एकदा सत्तेच्या विभाजनावर इतका रंगलो की घराकडे वळायचा फाटा पुनःपुन्हा चुकला, आणि शेवटी मागचा लॉरीवाला हॉर्न मारून थकला.

सुमनने तोच सल्ला शब्दशः ऐकला. रोज दुपारी डब्यात चिवडा घेऊन, आमच्या गावभर पसरलेल्या लाल पायवाटांवरून चालत घरोघर जायला लागली.

"कुठे गेली होतीस?" मी विचारायचो.

"देशपांडे आजींकडे. त्यांचे गुडघे दुखतात हो. कार्यक्रमाला त्यांना पुढची खुर्ची मिळत नाही."

"आणि निवडणुकीचं काय बोललीस?"

"काहीच नाही. वेळच नाही मिळाला."

मला तिची दया आली. बिचारी, तिला प्रचार कशाशी खातात ते माहीत नव्हतं! म्हणून मी सगळी भिस्त फुग्यांवर ठेवली.

टीव्हीवर पाहिलं होतं. उमेदवाराचं भाषण संपतं, छतावरून हजारो फुगे बरसतात आणि लोक वेडे होतात. मी कम्युनिटी हॉलमधलं बॅडमिंटनचं नेट मागून घेतलं, शिडीवर चढून छताला बांधलं, त्यात लाल, पांढरे, निळे फुगे भरले आणि एक दोरी खाली सोडली. दोरी दिली आमच्या मेघनाच्या हातात. मेघना बारा वर्षांची, जन्म इथलाच, मराठीतली तिन्ही लिंगं तिला सारखीच.

"नीट ऐक. जोरात टाळ्या वाजल्या की दोरी ओढायची. त्याआधी नाही."

"ओके बाबा. टाळ्या आला की ओढतो."

डिबेटच्या दिवशी हॉल भरला. लोकशाहीचं आकर्षण म्हणावं तर जेवणाला पुरणपोळी होती. वॉल्टर टाय लावून मध्ये बसला. मी पहिला बोललो. मी त्यांना अमेरिकेची राज्यघटना सांगितली. अध्यक्ष, संसद, न्यायालय, तिघांनी एकमेकांवर कसा वचक ठेवायचा, हे सगळं आपल्या मंडळाच्या सहलीला कसं लागू होतं तेही सांगितलं. शेवटच्या वाक्याला हात उंच केला आणि वर पाहिलं.

शांतता. मागे कुणाच्या तरी बाळाला उचकी लागली. फुगे जागचे हलले नाहीत. मेघना दोरी धरून अत्यंत प्रामाणिकपणे उभी होती.

मग प्रश्न. देशपांडे आजी काठी टेकत उठल्या. थेट आयोवाच्या शेतकऱ्यासारख्या! माझ्या अंगावर काटा आला.

"मला एवढंच विचारायचंय," आजी म्हणाल्या, "जेवण वेळेवर मिळेल का? गेल्या गणपतीला माझी गोळी चुकली."

मी म्हणालो, "उत्तम प्रश्न! याचं मूळ कार्यकारी अधिकारांच्या विकेंद्रीकरणात आहे..."

वॉल्टरने घड्याळ दाखवून मला थांबवलं. सुमन उठली. तिच्या हातात कागद नव्हता.

"आजी, तुमची गोळी एक वाजता असते ना? साडेबाराला पानं वाढू. भाषणं नंतर, ज्यांना ऐकायची त्यांनी ऐकावी. मुलांच्या मराठीच्या वर्गाला जागा नाही म्हणून तो बंद पडत आलाय, तो शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये भरवू." (गॅरेजमध्ये माझी गाडी होती. मला कुणी विचारलं नव्हतं.) "आणि आम्ही बायका इतकी वर्षं मंडळाचा स्वयंपाक करतोय, पण कमिटीत कधी कुणी बसवलं नाही. यापुढे कमिटीत अर्ध्या बायका आणि भांड्यांना अर्धे पुरुष!"

छप्पर उडेल अशा टाळ्या! आणि मेघनाने दोरी ओढली.

लाल, पांढरे, निळे फुगे सुमनच्या डोक्यावर असे बरसले की तसं दृश्य मी सॅटेलाइटवरही पाहिलं नव्हतं. पोरं किंचाळत धावली. लोक उभे राहिले. वॉल्टरचे डोळे चक्क भरून आले. बॅडमिंटनचं नेट मागून सुटलं आणि माझ्यावर पडलं. मी त्यातूनच ओरडलो, "मेघना! हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगितला! टाळ्या आला, मी ओढला! तुमच्या भाषणाला आलाच नाही!"

मतदान बिस्किटांच्या डब्यात झालं. मी चिठ्ठी लिहिताना विचार केला की बिचारीला एकही मत नाही पडलं तर घरी वातावरण बिघडेल. आणि स्वतःला मत देणं सभ्य माणसाला शोभत नाही. म्हणून मी तिला मत दिलं. नाडकर्णींनी डबा उघडला. मला पडलेली मतं एका हाताच्या बोटांवर मावली, आणि त्यातलं एक, त्यांच्याच सांगण्यानुसार, नाडकर्णींचं होतं, कारण मला उभं करायची कल्पना त्यांची होती.

दुसऱ्या दिवशी मी वॉल्टरकडे तोंड पाडून बसलो. त्याने कॉफी दिली आणि म्हणाला, "माझे वडील गावच्या शाळेच्या बोर्डासाठी उभे राहिले होते. थोडक्यात हरले. आम्ही मुलं रडत होतो. त्यांनी स्वयंपाकघरातल्या फोनवरून जिंकलेल्या माणसाला फोन केला. म्हणाले, 'फ्रँक, अभिनंदन. मी काय मदत करू ते सांग.' मग आमच्याकडे वळून म्हणाले, 'आता रडणं बंद. आता तो आपलाही आहे.'" वॉल्टरने माझा कप पुन्हा भरला. "आमच्याकडे बरंच काही बिघडलेलं आहे, डॉक्टर. पण तो फोन करणारी माणसं आहेत तोवर मला काळजी नाही."

दात, कुत्रा, फुगे यांच्यामागे ही गोष्ट होती आणि सॅटेलाइटवर ती मला दिसली नव्हती. हरलेल्या माणसाने सरळ उभं राहून "तू जिंकलास" म्हणायचं! मी मनाशी ठरवलं, आपणही फोन करायचा. रीतसर.

घरी फोन एकच, आणि त्या रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये नव्या कमिटीची पहिली मीटिंग भरली होती. म्हणून मी कोपऱ्यावरच्या फोन बॉक्समध्ये गेलो. नाणं टाकलं, थंडीने आखडलेल्या बोटांनी नंबर फिरवला. पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो?" भावना दाटून आल्या होत्या, मी थांबलोच नाही. प्रसंगाला साजेशा इंग्रजीत म्हणालो, "मॅडम प्रेसिडेंट, जनतेने कौल दिला आहे. तुम्ही उत्तम लढत दिलीत. मी पराभव खुल्या मनाने मान्य करतो आणि तुमच्या नेतृत्वाखाली काम करायला तयार आहे."

एक वृद्ध इंग्रज आवाज थरथरत म्हणाला, "ओह, हाऊ लव्हली, डिअर! मी आजवर कधीच काही जिंकलं नव्हतं. आता मला काय करावं लागेल?"

राँग नंबर! मी बाईंची माफी मागितली. (त्या इतक्या हिरमुसल्या की मी त्यांचं पुन्हा एकदा अभिनंदन केलं.) खिशात शेवटचं नाणं उरलं होतं. या वेळी आकडे मोठ्याने म्हणत नंबर फिरवला. घंटी वाजली आणि फोन उचलला गेला. मागून बायकांच्या हसण्याचा गलका आणि कपबशांचा आवाज ऐकू आला. म्हणजे घर आपलंच.

फोनवर मेघना होती.

"मेघना, मी बोलतोय. आईला दे. महत्त्वाचं आहे."

"आई मीटिंगमध्ये आहे," ती तिच्या शाळेतल्या रिसेप्शनिस्टच्या आवाजात म्हणाली. "मेसेज घेऊ का? तुमचा नाव काय?"

मी नाव सांगितलं. तिने स्पेलिंग विचारलं. मी तेही सांगितलं.