कोपऱ्यातला ताण

"मी सही करणार नाही," तृप्ती भोये म्हणाली आणि रिपोर्ट तिच्या विभागाच्या प्रमुखांच्या, ज्ञानेश सरांच्या, टेबलावर परत सरकवला.

हरसूलजवळच्या पाड्यावरची ही मुलगी अंबडच्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होती. द्राक्षबागेत औषध मारायचे ट्रॅक्टरचे ब्लोअर तिथं बनायचे. नव्या ब्लोअरचा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टवर बेअरिंग टेकायला एक पायरी होती आणि तिचा आतला कोपरा ड्रॉइंगमध्ये अगदी काटकोनात होता. तिथं किती ताण येतो, हे संगणकावर काढायचं काम तृप्तीचं. शाफ्टचं चित्र बारक्या तुकड्यांच्या जाळीत विभागायचं आणि तुकड्यातुकड्यावरचा ताण बघायचा.

पहिल्यांदा आकडा मर्यादेत आला. सर खूश झाले. तृप्तीनं कोपऱ्याजवळची जाळी बारीक केली, तर आकडा चढला. आणखी बारीक केली, आणखी चढला. थांबायचं नावच घेईना.

"मग बारीक करू नकोस ना!" सर वैतागले. "पहिला आकडा दे."

"तो सोयीचा आहे सर, खरा नाही. जाळी जाड ठेवली म्हणून लोखंडावरचा ताण कमी होतो का?"

"छाटणीआधी माल गेला पाहिजे. तू इथं कामाला आलीस की आम्हाला शिकवायला?"

तृप्ती उठली ती थेट लेथवर गेली. अगदी टोकदार कोपरा फक्त चित्रात असतो; प्रत्यक्षात कापणाऱ्या हत्याराचं टोक कोपऱ्यात थोडीशी गोलाई सोडतंच. ती तिनं मोजून घेतली, चित्रात घातली आणि पुन्हा जाळी बारीक करत नेली. या वेळी आकडा चढला आणि एका जागी ठरला. पण सतत फिरणाऱ्या शाफ्टला झेपेल त्याच्या बराच वर.

सरांनी तो आकडा न मानता काम काढून शेजारच्या टेबलावरच्या दिनेशला दिलं. दिनेशनं मान खाली घालून जुन्याच आकड्यावर सही केली.

रविवारी घरी बापानं, झिपरूनं, सगळं ऐकून घेतलं. "साहेबाच्या तोंडी नको लागू, बाय. नोकरी जाईल."

"जाऊ दे, आबा. शाफ्ट तुटला तर ब्लोअरजवळ कोण असेल? तुमच्यासारखाच बागेत मजुरीला गेलेला कुणीतरी."



सोमवारी मालक संतोषशेठ मीटिंगला बसले होते. तृप्ती उभी राहिली. "शेठ, दिनेशनं सही केलेला आकडा मी काढलाय आणि तो चुकीचा आहे. कोपऱ्याची गोलाई वाढवायला हवी."

"गोलाई वाढवली तर बेअरिंग पायरीला टेकणार नाही," सर ताडकन म्हणाले.

"मध्ये रिंग घाला, टेकेल. नाहीतर जुना आणि मोठ्या गोलाईचा, दोन्ही शाफ्ट टेस्टिंगला लावा. माझा तुटला तर मी राजीनामा देते. तुमचा तुटला तर राजीनामा नको, ड्रॉइंग बदला."

शेठनी ड्रॉइंग जवळ ओढलं. मग म्हणाले, "लावा."

जुना शाफ्ट पायरीच्या कोपऱ्यातच तुटला. मोठ्या गोलाईचा फिरत राहिला. ड्रॉइंग बदललं, रिंगा आल्या आणि माल उशिरा गेला. गिऱ्हाईक रागावलं, तेव्हा ज्ञानेश सरांनी सगळ्यांसमोर तृप्तीकडे बोट केलं. "हिच्यामुळे उशीर झाला."

"हो, माझ्यामुळेच झाला," तृप्ती म्हणाली. "आणि पुढच्या मशीनचेही कोपरे मीच बघणार आहे."