कुंपणाजवळचा हौद

नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं त्या उन्हाळ्यात हरणं आमच्या सोसायटीच्या कुंपणापर्यंत यायला लागली. चिकलठाण्यापुढची आमची घरं बांधली होती त्यांच्याच माळावर. सोसायटीची सचिव मी. कुंपणाला लागूनच हौद बांधून घेतला आणि घरोघरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी त्यात ओतायच्या पाळ्या लावल्या. लोक गच्चीतून फोटो काढायचे, शिळ्या पोळ्या टाकायचे. मीही खुशीत होते.

पंधरा दिवसांत कुत्र्यांनी दोन माद्या फाडल्या. तिसरी पळताना जालना रस्त्यावर ट्रकखाली गेली.

माळावर मेंढरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना मी बोलावून आणलं. हौदाभोवती फिरून ते म्हणाले, "ताई, पाणी हरणाला ठिवलं का कुत्र्याला?"

पोळ्यांना कुत्री जमतात. मागं कुंपणाची भिंत असली की हरणाला पळायला निम्मीच वाट उरते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे सुचायला हवं होतं.

बैठकीत मी हौद फोडून पाणी लांब माळावर ठेवायचा ठराव मांडला. वरच्या मजल्यावरचे काका, निवृत्त हेडमास्तर, बिघडलेच. नातवंडांना घरबसल्या हरणं दिसतात, तेवढंही तुम्हाला बघवत नाही का, असं म्हणाले.

"मग पाणी लांब नेऊन ओतायची पहिली पाळी तुम्ही घ्या, काका. जाताना दिसतील."

लोक हसले. ठराव झाला.

वनखात्याला कळवून, बाबांनी दाखवलेल्या जागी, मोकळ्या माळावर जमिनीसरशी सिमेंटची उथळ बशी केली. कडा उतरत्या, म्हणजे पाडस आत पडलं तरी बाहेर निघेल. पाणी सकाळी हातगाडीवरून न्यायचं, ओतायचं आणि मागं न बघता परतायचं. पोळ्या बंद. बाबा मेंढरं दुपारीच पाण्यावर आणायचे, सकाळ-संध्याकाळ हरणांची.

त्यानंतर त्या उन्हाळ्यात आमच्या कुंपणाशी एकही हरीण मेलं नाही. गच्चीतूनही एकही दिसलं नाही. काका कुरकुरत राहिले, म्हणून एकदा त्यांना बशीपाशी नेलं. काठच्या चिखलात खुरांची गर्दी होती. ते चष्मा पुसून उकिडवे बसले. बराच वेळ बघत होते.

"हे बारकं पाडसाचं दिसतंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशीची पाळी त्यांनी मागून घेतली.

सोसायटीत लिफ्ट मी आणली, बोअरही मीच घेतलं. पण पाहुण्यांना मी बशीच दाखवायला नेते. आता तिथवर प्लॉटिंग आलंय. बशी आणखी पुढं न्यावी लागेल. जागा बघून ठेवली आहे.